नवं हत्यार पास कोण करतं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले काही ‘बरं का’ आणि ‘म्हणजे’ गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी मुरगूडचा, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअरचं. आजचा विषय ऐकून काही जण पुढच्या एपिसोडवर जातील, पण पंधरा मिनिटं द्या. विषय आहे: एखादं नवीन शस्त्र सैन्याच्या हातात जाण्याआधी ते कायद्यात बसतं का, हे कोण तपासतं?

तुम्ही म्हणाल, युद्धात कसला आलाय कायदा? त्यावर बोलूच. आधी आपल्या राज्यातलं एक उदाहरण घेऊ.

नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीनं ‘नागास्त्र-१’ नावाचं शस्त्र बनवलं. लष्करानं ४८० ची ऑर्डर दिली आणि जून २०२४ मध्ये त्यातले १२० मिळाल्याच्या बातम्या आल्या. हे आहे ‘लॉयटरिंग म्युनिशन’. सोप्या भाषेत, घारीसारखं घिरट्या घालणारं आणि लक्ष्य दिसलं की त्यावर झेप घेऊन स्वतःसकट फुटणारं ड्रोन. प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार वजन साधारण ९ किलो, त्यात किलोभर स्फोटक. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ते परत बोलवायचं आणि पॅराशूटनं उतरवून घ्यायचं, अशी सोय त्यात आहे.

ही पॅराशूटची गोष्ट लक्षात ठेवा. मला आज जे सांगायचंय त्याचा अर्धा भाग त्यात आहे.

दोन वेगळ्या तपासण्या

आमच्या भागात फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये काम करणारी पोरं घरटी सापडतील. त्यांना ‘सॅम्पल पास होणं’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माप बरोबर, मटेरिअल बरोबर, टेस्ट रिपोर्ट बरोबर, मग लॉट निघतो. शस्त्राचंही तसंच. नेम लागतो का, उन्हात-थंडीत चालतं का, वेळेआधी फुटत नाही ना, हे सगळं वर्षानुवर्षं तपासतात. ही पहिली तपासणी.

दुसरी तपासणी निराळी आहे. शस्त्र अगदी नेमकं चालतं, मान्य. पण ते जसं चालतं, तसं वापरणं कायदेशीर आहे का?

हा प्रश्न कागदावर स्पष्ट मांडला गेला १९७७ साली. १९४९ च्या जिनिव्हा करारांना जोड म्हणून जो पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल झाला, त्याचं कलम ३६. ते म्हणतं की नव्या शस्त्राचा अभ्यास करताना, ते विकसित करताना, विकत घेताना किंवा सैन्यात आणताना देशानं ठरवलं पाहिजे, की त्याचा वापर काही किंवा सर्व परिस्थितींत आंतरराष्ट्रीय कायद्यानं निषिद्ध आहे का. चार टप्पे आहेत बघा: अभ्यास, विकास, खरेदी, स्वीकार. ड्रॉइंग टेबलावर असल्यापासून प्रश्न विचारायचा आहे. माल गोदामात आल्यावर वकिलाची सही घ्यायची, असं ते काम नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. भारत या १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. त्यामुळे कलम ३६ करार म्हणून आपल्याला लागू होत नाही. मग विषय संपला का? नाही. जिनिव्हा करार आपण १९५० साली स्वीकारले, त्यासाठी संसदेनं १९६० मध्ये कायदा केला. जैविक शस्त्रांवरची बंदी आपण मान्य केली, रासायनिक शस्त्रांवरची केली. भूसुरुंग, आंधळं करणारे लेझर, युद्धानंतर मागं राहणारी न फुटलेली स्फोटकं यांवर नियम घालणारा ‘सीसीडब्ल्यू’ नावाचा १९८० चा करार आहे, त्यातही आपण आहोत. शिवाय लिखित करारापलीकडे सर्व देशांना बांधणारा रूढीचा कायदा आहेच. आता सांगा, एवढ्या गोष्टी वापरणार नाही असं वचन दिल्यावर, नवं शस्त्र त्यात मोडतं का हे तपासल्याशिवाय वचन पाळणार कसं? अमेरिका तर आजही त्या प्रोटोकॉलमध्ये नाही, पण तिथं ही तपासणी १९७४ पासून, म्हणजे कलम ३६ लिहिलं जाण्याच्या आधीपासून चालते.

तपासतात म्हणजे नेमकं काय?

माझ्या भाषेत हे चार चेक आहेत.

पहिला: या शस्त्रावर थेट बंदी आहे का? विषारी वायू असेल तर पुढं वाचायचीच गरज नाही.

दुसरा: हे शस्त्र गरजेपेक्षा जास्त यातना देतं का? सैनिकाला लढाईतून बाहेर काढणं एक, आणि त्याचं शरीर मुद्दाम भरून न येण्यासारखं करणं दुसरं. कोयत्याचं उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा कोयता कुणावर उगारला तर दोष उगारणाऱ्याचा. पण कोयत्याला कुणी विष लावूनच बाजारात आणला, तर तो कोयताच गुन्हेगार. तपासणी या दुसऱ्या प्रकारच्या कोयत्याची असते.

तिसरा: हे शस्त्र सैनिक आणि नागरिक यांत फरक करू शकेल, अशा पद्धतीनं वापरता येतं का? त्याचा नेम एखाद्या लक्ष्यावर धरता येतो का, आणि त्याचा परिणाम आवरता येतो का?

चौथा: निसर्गावर व्यापक, दीर्घकाळ टिकणारं, गंभीर नुकसान होईल का?

आणि जिथं एकही लिखित नियम नाही, तिथं माणुसकी आणि जनतेची सदसद्विवेकबुद्धी यांचा आधार घ्यायचा, असंही एक जुनं तत्त्व आहे.

दुसऱ्या चेकचा इतिहास आपल्याच देशातला आहे. कोलकात्याजवळ दमदम नावाचं गाव आहे. तिथल्या ब्रिटिशांच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात एक गोळी तयार झाली. टोकाचं शिसं उघडं, त्यामुळे अंगात शिरली की पसरायची आणि मोठी जखम करायची. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध ती वापरली गेली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला तेव्हा ब्रिटननं विरोध केला. युक्तिवाद काय होता? ‘रानटी’ लोक साध्या गोळीनं थांबत नाहीत, त्यांना हीच लागते. बंदी तरीही झाली, आणि ब्रिटननं ती मान्य केली १९०७ मध्ये. म्हणजे गोळी बनवताना कुणी प्रश्न विचारला नाही, कारण ती ज्यांच्यावर चालणार होती त्यांना त्या खोलीत खुर्चीच नव्हती. ‘कायदा वगैरे मोठ्या देशांची फॅशन’ असं वाटत असेल, तर दमदम आठवा. अशा बेपर्वाईचे पहिले अनुभव घेणारे याच उपखंडातले लोक होते.

उलट उदाहरण लेझरचं. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये बंदी आली, आणि ती अशी शस्त्रं रणांगणावर सर्रास येण्याच्या आधीच आली. वेळेत थांबवणं जमतं, याचा हा पुरावा.

कायदा जेव्हा स्पेसिफिकेशन होतो

आता पुण्याला येऊ. पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था आहे, स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल तिथंच आहे. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. वरणगाव, भंडारा, चांदा, अंबाझरी इथं ऑर्डनन्स फॅक्टऱ्या. देशाच्या दारूगोळ्याचा मोठा हिस्सा मराठी मुलखात बनतो आणि मराठी हात तो बनवतात. त्यामुळे हा विषय जिनिव्हातल्या सुटाबुटातल्या लोकांचा आहे असं म्हणून चालणार नाही.

भूसुरुंगांचं घ्या. आपण भूसुरुंगांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या ओटावा करारात नाही, पण सीसीडब्ल्यूचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल आपण १९९९ मध्ये स्वीकारला. त्यातली परिशिष्टं वाचली तर इंजिनीअरला घरी आल्यासारखं वाटेल. माणसांविरुद्धच्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल डिटेक्टरला मिळाला पाहिजे, म्हणजे नंतर तो शोधून काढता येईल. विमानातून किंवा तोफेतून लांबवर पेरलेले असे सुरुंग ३० दिवसांत स्वतः नष्ट व्हावेत, न होणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि उरलेले आपोआप निकामी होण्याची सोय धरून, १२० दिवसांनंतर हजारात एकापेक्षा जास्त सुरुंग जिवंत राहता कामा नये.

हे वाचून मला पहिल्यांदा कळलं की करुणासुद्धा टॉलरन्समध्ये लिहिता येते. ‘सुरुंगानं मुलांना इजा होऊ नये’ हे वाक्य कुठल्याच डिझायनरला वापरता येत नाही. ‘१२० दिवस, हजारात एक’ हे वापरता येतं. बॅटरी किती दिवसांत उतरली पाहिजे, सर्किट कसं असलं पाहिजे, हे त्यातून ठरतं. पुण्यातल्या प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या ‘विभव’ या रणगाडाविरोधी सुरुंगात ठरावीक काळानंतर स्वतःच निष्क्रिय होण्याची सोय आहे, ती याच विचाराच्या वाटेवरची.

आणि हा विचार शत्रूवर उपकार म्हणून करायचा नसतो. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये पश्चिम सीमेवर आपण आपल्याच शेतजमिनीत सुरुंग पेरले. ते पेरताना आणि नंतर काढताना आपले जवान जखमी झाले, गेले. शेतकऱ्यांची पिकं गेली, जनावरं गेली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. सुरुंग काढायला वाकणारा माणूस आपल्याच घरातला असतो.

क्लस्टर दारूगोळ्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. एआरडीईनं विकसित केलेला ‘पिनाक’ तुम्हाला माहीत असेल, ४४ सेकंदांत १२ रॉकेट. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं पिनाकच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटींचे करार केले, त्यात नागपूरची तीच कंपनी आणि पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया आहे. यातल्या एका प्रकारच्या रॉकेटमधून अनेक छोटे बॉम्ब विखुरतात. अशा शस्त्रांवर बंदी घालणारा २००८ चा करार आहे, पण भारत त्यात नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तानही नाहीत. म्हणजे पहिल्या चेकमध्ये आपल्यासाठी ते अडकत नाही. तिसऱ्या चेकमध्ये मात्र प्रश्न उभा राहतो: शंभरातले किती न फुटता पडून राहणार? तो आकडा जितका मोठा, तितका त्या जमिनीत उद्या नांगर घालणाऱ्याला धोका मोठा. इथं न फुटण्याचं प्रमाण कमी करणारा फ्यूज ही गुणवत्तेची बाब आहे आणि तितकीच कायद्याचीही.

सॉफ्टवेअर आलं आणि ‘नवं’ म्हणजे काय ते बदललं

आता माझ्या गल्लीत येतो.

बंदूक एकदा तपासली की वीस वर्षं तीच बंदूक. ड्रोनचं तसं नाही. आज एक व्हर्जन, पुढच्या महिन्यात दुसरं. बॉडी तीच, मोटर तीच, पण आतली फाइल बदलली. मग हे जुनं शस्त्र की नवं? रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं या तपासणीवर २००६ मध्ये मार्गदर्शिका काढली. त्यात म्हटलंय की जुन्या शस्त्रात असा बदल झाला ज्यानं त्याचं काम बदलतं, तर तपासणी पुन्हा करायची. सॉफ्टवेअरच्या जगात याचा अर्थ असा, की काही अपडेट हे कायद्याच्या नजरेत नवं शस्त्र आहेत.

दोन उदाहरणं देतो. ही काल्पनिक आहेत, कुठल्या खऱ्या प्रॉडक्टबद्दल मी बोलत नाहीये.

एक. ड्रोन लक्ष्याकडे निघालंय, ऑपरेटर स्क्रीनवर बघतोय, आणि मध्येच जॅमिंगमुळे लिंक तुटली. ड्रोननं काय करायचं? पुढं जाऊन फुटायचं, घिरट्या घालत थांबायचं, की परतायचं? कोडमध्ये ही एक ओळ असते, एक डिफॉल्ट व्हॅल्यू. पण युद्धाचा कायदा सांगतो की लक्ष्य लष्करी नाही असं लक्षात आलं, तर हल्ला रद्द केला पाहिजे. लिंक तुटल्यावर ते कुणाच्या लक्षात येणार? शाळेची बस मध्ये आली तर कोण बघणार? ती एक ओळ लिहिणारा पोरगा पंचवीस वर्षांचा असतो, त्याला वाटतं आपण एज केस सोडवतोय. म्हणून मघाशी म्हणालो, पॅराशूट लक्षात ठेवा. परत बोलावता येणारं शस्त्र आणि न येणारं शस्त्र ही कायद्यासमोर दोन वेगळी शस्त्रं आहेत. ती सोय डिझाइनमध्ये सुरुवातीलाच धरावी लागते, शेवटी चिकटवता येत नाही.

दोन. समजा, एका अपडेटमध्ये कॅमेऱ्यातून लष्करी ट्रक ओळखणारं मॉडेल आलं. टेस्टमध्ये शंभरातले ९८ बरोबर. टाळ्या. आता आमच्याकडं गळीत हंगामात या. रात्री रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग, वर दोरखंड, कुठं ताडपत्री, आणि ट्रॉलीवर झोपलेलं ऊसतोड कामगाराचं पोर. त्या मॉडेलनं ट्रेनिंगमध्ये असली ट्रॉली कधी बघितली होती का? ते दोन टक्के कोण आहेत, हे सरासरी सांगत नाही. तपासणी करणाऱ्या वकिलानं विचारायला हवं: डेटा कुठला, कुठल्या मुलखातला, कुठल्या हंगामातला? आणि इंजिनीअरनं त्याला उत्तर द्यायला हवं. वकिलाला कन्फ्यूजन मॅट्रिक्स वाचता येत नाही, इंजिनीअरला जिनिव्हा करार माहीत नाही. दोघं एका टेबलावर बसले नाहीत तर तपासणी म्हणजे रबरी शिक्का.

‘ऑटोनॉमस’ हा शब्दही असाच फसवा आहे. दिलेल्या जागी स्वतः उडत जाणं हे ऑटोनॉमस, आणि कुणाला मारायचं हे स्वतः निवडणं हेही ऑटोनॉमस. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. तपासणीत या दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

भारत काय म्हणतो?

यावर जिनिव्हात सीसीडब्ल्यूच्या छत्राखाली सरकारी तज्ज्ञांचा गट चर्चा करतो. २०१७ आणि २०१८ मध्ये त्याचं अध्यक्षपद भारताकडं होतं, राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडं. २०१९ मध्ये सर्व सदस्य देशांनी एकमतानं ११ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यातल्या एका तत्त्वाची भाषा जवळजवळ कलम ३६ चीच आहे: नवं शस्त्र आणताना ते कायद्यानं निषिद्ध आहे का हे ठरवलं पाहिजे. म्हणजे ज्या प्रोटोकॉलमध्ये आपण नाही, त्यातला विचार आपण दुसऱ्या दारानं मान्य केलाय. मग डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या चार देशांत भारत होता. भूमिका अशी की चर्चेची योग्य जागा सीसीडब्ल्यूच आहे. त्याच वेळी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडं सैन्यातल्या एआयच्या विश्वासार्हतेचं मोजमाप करणारी ‘ईटाई’ चौकट जाहीर झाली. विश्वसनीयता, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता, गोपनीयता अशी तिची पाच तत्त्वं आहेत. चांगली सुरुवात आहे. पण विश्वासार्ह म्हणजे कायदेशीर नव्हे. विषारी वायूचा नळकांडं अगदी विश्वासार्हपणे उघडू शकतं.

‘समोरचा पाळत नाही, आपण का पाळायचं?’

हा प्रश्न येणारच. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले, आपण सगळे रात्रभर मोबाइल बघत होतो. राग मलाही आला होता.

माझं उत्तर असं. ही तपासणी सैनिकाला बांधून ठेवत नाही, ती त्याला वाचवते. हातात दिलेलं शस्त्र कायदेशीर आहे हे आधी कुणीतरी जबाबदारीनं तपासलं असेल, तर रात्री दोन वाजता बर्फात उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या जवानाला तो भार एकट्यानं उचलावा लागत नाही. नाहीतर शस्त्रातला दोष त्याच्या माथी येतो.

आणि आपल्याला हा विचार परका आहे का? चिपळूणजवळच्या छावणीला शिवरायांनी पाठवलेलं पत्र शाळेत सगळ्यांनी ऐकलंय, रयतेला त्रास देऊ नका असं बजावणारं. त्याच पत्रात आणखी एक बारीक सूचना आहे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. लढाई नाही, शत्रू नाही, फक्त एक उंदीर. नुकसान होण्याआधी कुठून होईल याचा विचार करणं, आणि ते लेखी हुकमात घालणं. ते पत्र शस्त्रांबद्दल नाही, पण सवय तीच आहे.

तर मग काय हवं?

माझ्या तीन साध्या अपेक्षा. प्रत्येक नव्या शस्त्राची आणि काम बदलणाऱ्या प्रत्येक अपडेटची कायदेशीर तपासणी लेखी असावी. त्या टेबलावर वकील, डॉक्टर, सैनिक आणि कोड लिहिणारा, सगळे असावेत. आणि तपासणीची पद्धत लोकांसमोर असावी. शस्त्राचं गुपित सांगा असं कुणी म्हणत नाही. ब्रिटननं २०१६ मध्ये आपली पद्धत सांगणारी पुस्तिका छापली, त्यानं त्यांचं एकही गुपित फुटलं नाही.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे उद्या एखाद्या ड्रोन स्टार्टअपमध्ये जॉइन होणार आहेत, त्यांना एक सांगतो. मी कुणाला जाऊ नका म्हणणार नाही, देशाला या गोष्टी लागतात. फक्त पहिल्या डिझाइन मीटिंगमध्ये हात वर करा आणि विचारा: “लिंक तुटली तर हे काय करणार, आणि ते कुणी ठरवलं?” उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं, तर ते मीटिंगच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा विचारा.

प्रश्न असतील, मतभेद असतील तर व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः फौजेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या मंडळींनी पाठवावी, तुमच्याकडून मला शिकायचंय. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.